यंदाचं बेट फायनल

१ जानेवारी १९८३, सकाळ, चहाआधी

संकल्प. यंदा परदेशी जायचं. तेही बेटावर. बेट निसर्गरम्य असावं. मंडळींना बरोबर न्यायचं. मे महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होतात, एकटा गेलो तर बरं दिसणार नाही.

परदेश कशासाठी, तर रवळूसाठी. पाणीपट्टीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. मागच्या वर्षी काठमांडूला जाऊन आला आणि तेव्हापासून फॉरेन रिटर्न झाला. चहा गार आला तरी "आमच्या नेपाळात" सुरू. नेपाळला पासपोर्ट लागत नाही. जिथे पासपोर्ट लागत नाही तो परदेश नव्हे, हे त्याला एकदा तोंडावर सुनावायचं आहे. आपण जाऊन आल्यावर.

बेट कशासाठी, तर बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी, आणि पाणीपट्टीत उभा जन्म घालवलेल्या माणसाचा पाण्यावर काही हक्क आहे. शिवाय शाळेत भूगोलात माझा हात कोणी धरला नव्हता.

दुसरा संकल्प: रोजनिशी रोज लिहिणे.

९ जानेवारी

मधले दिवस कामात गेले.

खडे बाजारातून जगाचा नकाशा आणला. शाळेत असतो तसला, कापडावर चिकटवलेला, वरून वॉर्निश. पुढच्या खोलीत चार खिळे ठोकून लावला. प्रथम यशोदाचं घर शोधलं. आमची एकुलती एक. दिवाळीत नवऱ्याकडे बहरीनला गेली. जावई कृष्णात मूळचा निपाणीकडचा, तिकडे एसी बसवायची कामं करतो. बहरीन म्हणजे अरबस्तानच्या कडेचं वाळवंट. तिथे लाल शाईचा ठिपका दिला. ही म्हणाली, दिसत नाही. मोठा केला. तरी म्हणाली, चष्म्याशिवाय दिसत नाही. आणखी मोठा केला. आता दारातून दिसतो.

ही जाता-येता ठिपक्याला बोट लावते. नकाशा मळेल म्हणून सांगितलं. ऐकत नाही.

२३ जानेवारी

निपाणीच्या एका तंबाखूवाल्याचं कॅलेंडर मिळालं. वर रंगीत चित्र: निळं पाणी, मधे हिरवं बेट, नारळाची झाडं, एक होडी, माणूस नाही. बघताक्षणी ओळखलं. ताहिती. पॅसिफिक महासागर. ऑफिसात नेऊन लावलं आणि सगळ्यांना नकाशाशिवाय तोंडी समजावून सांगितलं. रवळू ऐकत होता. नेपाळ आठवलं नाही त्याला.

पण ताहिती फार लांब. जवळचं बघायला हवं.

६ फेब्रुवारी, दुपार

बहरीनहून सुट्टीवर आलेल्या एका माणसाबरोबर कृष्णातने टू-इन-वन पाठवला. आत कॅसेट. तिकडच्या लोकांची आता हीच रीत झाली आहे. पत्र कोणी लिहीत नाही. ते कॅसेटवर बोलून पाठवतात, आपण ऐकायचं, त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरायचं आणि जाणाऱ्या माणसाबरोबर परत द्यायचं. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या बोळात तीन घरांत असं चालतं. लुगडं विणता विणता कॅसेट ऐकतात.

यशोदा बोलली. तिकडे गरम फार, मासे चांगले, शेजारी केरळची बाई आहे. मग म्हणाली, "आप्पा, तुमी आनि आई दोघं या की हितं. मला लई करमत न्हाय." आमच्या बोळात मागांचा कापूस फार उडतो. डोळ्यांत गेला. टू-इन-वन बंद करून खिडकी लावून घ्यावी लागली.

मग जावयाचा आवाज. बेटाचा बेत मी पत्राने कळवला होता. "आप्पा, बेटंच बघायची म्हनता तर हितं बी..." इथे मी बटण दाबलं. जावयाने सासऱ्याला भूगोल शिकवावा, ही पद्धत नव्हे. ही म्हणाली, "फुडचं ऐकू द्या की वो." पण मी कॅसेट उलटी फिरवून लगेच उत्तर भरलं. त्यात पुढील मुद्दे स्पष्ट केले:

बहरीनला येणे नाही. एक तर वाळूत निसर्गरम्य काही नसतं. दुसरं म्हणजे मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, हा आमच्या घराण्याचा नियम. यशोदा पिरनवाडीला दिली असती तर डबा बांधून गेलो असतो आणि संध्याकाळी परत आलो असतो. बहरीनला डबा कसा न्यायचा?

उरलेल्या कॅसेटवर मॉरिशसची माहिती भरली. दोघांना उपयोगी पडेल.

रात्री भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "मग त्या बेटावर कुनाच्या घरचं खानार?"

२० फेब्रुवारी

पासपोर्टचे दोन फॉर्म आणले. माझा मीच भरला. 'राज्य' या रकान्यात महाराष्ट्र लिहिलं. घर शहापुरात, म्हणजे कर्नाटकात आहे, हे मलाही माहीत आहे. पण माणूस कुठे राहतो याला महत्त्व नाही, त्याने कुठे असायला हवं होतं याला आहे. सीमाप्रश्नात मी सत्याग्रह केला नाही, कारण त्या वेळी मार्चअखेर होती. तेव्हाची बाकी आता फेडली. फॉर्म अर्थातच मुंबईच्या कचेरीला पाठवला.

हिने आपला फॉर्म माझ्यामागे कोर्टापुढच्या शामू टायपिस्टकडे दिला. तो राज्याचं विचारू लागला तर म्हणाली, "जितं ऱ्हातो तेच लिव बाबा." त्याने कर्नाटक टाइप करून बेंगळूरला पाठवून दिला. कळल्यावर संध्याकाळभर मी तिच्याशी अबोला धरला. तिच्या लक्षात आलं नाही.

११ मार्च

बेटांची छाननी.

सिंहलद्वीप: फार जवळ. रवळू म्हणेल, बसने गेला.
सिंगापूर: बेट आहे, पण सगळं दुकानच. मंडळींना न्यायला धोक्याचं.
बाली: ज्वालामुखी.
सेशेल्स: तिथली कासवं शेकडो वर्षं जगतात आणि हलत नाहीत म्हणे. ते बघायला ऑफिस सोडून लांब जायची गरज नाही.
अंदमान: पासपोर्ट लागत नाही. बाद.
मॉरिशस: फायनल. निसर्ग आहेच, शिवाय मराठी माणसं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहून गणपती बसवतात. उतरल्या-उतरल्या मराठीत भाडं ठरवता येईल.

ऑफिसात हे सगळं सांगितलं. रवळूने शांतपणे विचारलं, "व्हय अण्णा, पन ते कुटल्या राज्यात येतंय?" सगळे हसले. उत्तर सुचलं होतं, पण साहेब आले.

१४ एप्रिल, पाडवा

बेटावर जायचं तर पोहता आलंच पाहिजे. नवं वर्ष, नवी सुरुवात. सकाळीच बेळगुंदीला थोरल्या भावाकडे गेलो. मायाप्पाने पोरांना शिकवताना बांधतात तसला रिकामा डबा माझ्या पाठीला बांधला आणि विहिरीवर नेलं.

पाण्याची पाहणी केली. पाणी बरं आहे. पण थंडावा जास्त, आणि खोली किती याबद्दल गावात एकमत नाही. मी तीन पायऱ्या उतरून विचार करत होतो. मायाप्पा वरून ओरडला, "उतर रं देवाप्पा! हितं म्हस बी पवती!"

म्हशीची गोष्ट वेगळी. तिला ऑफिस नाही. मला दुसऱ्या दिवशी सर्दी झाली तर रजा टाकावी लागेल, आणि रजा बेटासाठी राखून ठेवली आहे. वर आलो. पोहण्याची थिअरी आज पूर्ण झाली. प्रॅक्टिकल मॉरिशसला.

डबा सोडायला मायाप्पाची सून आली. हसत होती. जेवण चांगलं होतं.

२ मे

मुंबईहून फॉर्म परत. आपला पत्ता कर्नाटकात येतो, तरी बेंगळूरला अर्ज करावा. ठीक. तोच फॉर्म बेंगळूरला पाठवला. रकाना तसाच ठेवला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२० मे

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मॉरिशस पुढे ढकललं. हिला श्रीखंड आणलं. ही म्हणाली, "बेट राहू द्या, यशीला कॅसेट भरून पाठवूया." भरली. मी बोलायला बसलो आणि हवामान सांगितलं.

२६ जून

रात्री रेडिओवर आपण वर्ल्ड कप जिंकलो. वेस्ट इंडिज हीसुद्धा बेटंच आहेत, हे मला आधीच माहीत होतं. यादीत घालणार होतो. पण हरलेल्या माणसांच्या घरी लगेच जाणं बरं दिसत नाही. बाद.

१७ जुलै

बेंगळूरहून फॉर्म परत. आपल्या अर्जानुसार आपण महाराष्ट्राचे रहिवासी, तरी मुंबईला अर्ज करावा.

आज पोलिस हिच्या पासपोर्टच्या चौकशीला आला. कन्नडमध्ये विचारू लागला. मी तत्त्व म्हणून मराठीशिवाय बोललो नाही. बिचारा पावसात उभा राहून पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी हीच बाहेर आली, त्याला कन्नडमध्ये सगळं सांगितलं, पाणी दिलं आणि शहापुरातल्या भाजीच्या भावाबद्दल दोघं बराच वेळ बोलत बसले.

माझा फॉर्म पुन्हा मुंबईला. सोबत चार पानी निवेदन.

१५ ऑगस्ट, गोवा

सुट्टीचा सदुपयोग. मॉरिशसची रंगीत तालीम म्हणून गोव्यात दिवाडी बेटावर फेरीबोटीने गेलो. बेट खरंखुरं, चारी बाजूंनी पाणी. बोट निघाल्यावर मी समुद्राचा सखोल अभ्यास करण्यासाठी डोळे मिटून कठडा धरला. बोट मला हवी त्यापेक्षा जास्त हलत होती. ही एका कोळणीशी बोलत होती, बांगडे घेतले. पलीकडे पोचल्यावर मला कठड्यापासून दोघांनी सोडवलं.

तो समुद्र नव्हता, मांडवी नदी होती, हे नंतर कळलं. समुद्रात असं होत नसावं.

परतीच्या वेळी बोट नको म्हणून बराच वेळ बेटावरच बसलो. निसर्ग बघितला. बांगड्यांचा वास येत होता.

३ सप्टेंबर

हिचा पासपोर्ट आला. फोटोत ही साहेबीण दिसते. कपाटात लुगड्यांखाली ठेवला.

माझा फॉर्म अजून मुंबईला आहे. किंवा वाटेत.

ऑफिसात रवळूने ताहितीचं कॅलेंडर खाली उतरवून पान उलटलं. पाठीमागे बारीक अक्षरांत 'कारवारजवळील देखावा'. छापखान्याची चूक असणार. कारवारला माझी मावसबहीण दिली आहे, मला कारवार माहीत आहे. पण ऑफिसात सगळे "अण्णा, ताहितीची बस किती वाजता?" असं विचारतात.

१० सप्टेंबर, गणेश चतुर्थी

कॅसेट आली. यशोदाला दिवस गेलेत!

गणपती बसवायच्या आधी ऐकली, बसवल्यावर ऐकली, आरतीनंतर बोळातल्या सगळ्यांना ऐकवली. पहिलं बाळंतपण माहेरी. ती रीतच आहे. सातव्या महिन्यात ती इकडे येणार. मॉरिशस बाद, सगळी बेटं बाद. पाणी तापवायला मोठा बंब बघायला हवा. माळ्यावरून तिचाच पाळणा काढला. एक दोरी तुटली आहे, बदलेन.

मुलगी घरी येणार. मला किती आनंद झालाय, ते लिहिता येत नाही. कापूस फार.

६ नोव्हेंबर

दिवाळी गेली ती गेलीच. तिकडच्या डॉक्टरने यशोदाला प्रवास करू नको म्हणून सांगितलं आहे. ब्लडप्रेशर. बाळंतपण तिकडेच होणार. कॅसेटवर ती रडली. कृष्णात म्हणाला, दोघंही या, तिकिटं काढतो, व्हिसाचे कागद पाठवतो, पहिलं बाळंतपण आहे, पोरगी घाबरली आहे.

ही म्हणाली, "मी जाते." विचारलं नाही, सांगितलं. गेल्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. आणि लगेच डिंक कुटायला बसली.

मी पुढच्या खोलीत येऊन नकाशासमोर बसलो. घराण्याचा नियम काय आहे ते पुन्हा नीट आठवलं. नियम मूल होईपर्यंतचा आहे. मी गेल्यावर मूल होणार. म्हणजे सुरुवातीचे थोडे दिवस डबा लागेल. तेवढे दशम्यांवर निघतील.

७ नोव्हेंबर

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी कोर्टापुढे शामू टायपिस्टकडे गेलो. नवा फॉर्म. राज्याच्या रकान्याशी तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "जिथे राहतो तेच लिही बाबा." त्याने टाइप केलं. मी तिकडे बघितलं नाही.

फॉर्म बेंगळूरला. रजिस्टर्ड.

१८ डिसेंबर

पोलिस आला. तोच. मी धावत दार उघडून "बर्री, कुंदर्री" म्हणालो आणि खुर्ची दिली. त्याला मागची गोष्ट आठवत असावी, कारण तो मराठीत विचारू लागला. मला वाटलं, परीक्षा घेतो आहे. मी कन्नडमध्येच उत्तरं दिली. तो मराठीत विचारतो, मी कन्नडमध्ये सांगतो, असं अर्धा तास चाललं. चहा दिला, दिवाळीच्या उरलेल्या करंज्या दिल्या. जाताना तो म्हणाला, "वाईट कायबी न्हाय तुमचं अण्णा, पन कागद जायला येळ लागतोय. घाईत हुईत न्हाय हे."

घाई नाही, मी म्हणालो. फक्त फेब्रुवारीत मला आजोबा व्हायचं आहे.

१ जानेवारी १९८४

संकल्प: पासपोर्ट येणे.

पोस्टमनला रोज बोळाच्या तोंडाशी गाठतो. आता तो मला लांबून बघूनच हात हलवतो, नाही म्हणून.

मागच्या वर्षीचे संकल्प वाचले. रोजनिशी रोज लिहिणे, वगैरे.

१३ जानेवारी, मुंबई

हिला विमानतळावर पोचवायला आलो. निपाणीचं एक कुटुंब त्याच विमानाने जाणार, त्यांच्या सोबतीला लावून दिली. माझं तिकीट कृष्णातने परत केलं.

हिच्या सामानात काय काय: डिंकाचे लाडू, आळीव, ओवा, बाळंतविडा, गोधड्या, बाळंतिणीच्या उशाला ठेवायचा एक कोयता, नको म्हणताना ठेवलेला आणि मग काढायला लावलेला. ही आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार. मीसुद्धा बसलेलो नाही, तरी भीती वाटू नये म्हणून तिला सूचना दिल्या. ती ऐकत होती, पण डोळे आतल्या काचेकडे. मला वाटलं, दारातून आत गेल्यावर वळून काहीतरी म्हणेल. वळली. म्हणाली, "इस्टोची पिन फळीवर ठेवलीया." आणि गेली.

बराच वेळ विमानांकडे बघत उभा राहिलो. सगळी सारखी दिसतात.

२९ जानेवारी

स्टो पेटत नाही. पिन फळीवर सापडली. पिनेने काय करायचं, ते तिने सांगितलं नव्हतं.

रवळूच्या बायकोकडून रोज डबा येतो. रवळू स्वतः घेऊन येतो आणि बसतो. नेपाळबद्दल काही बोलत नाही. मीच एकदा विचारलं, तिकडे थंडी किती होती. त्याने सांगितलं.

२० फेब्रुवारी

तार. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

ऑफिसात पेढे वाटले. पहिला रवळूला. त्याने मिठीच मारली. नेपाळ सोडलं तर रवळू फार चांगला माणूस आहे.

आता मुलीच्या घरचं जेवायला मी मोकळा. नियम संपला. पासपोर्ट नाही.

११ मार्च

सुट्टीवर आलेला निपाणीचा एक माणूस कॅसेट देऊन गेला. आज रविवार. दार लावून ऐकली.

आधी बाळाचं रडणं. भरपूर, जवळजवळ अर्धी बाजू. कृष्णातने मुद्दाम भरलेलं. मग हिचा आवाज. ही टू-इन-वनशी कधी बोलली नव्हती. समोर मीच बसलोय अशी बोलली. जेवता का म्हणाली. पिनेचं कसं करायचं ते आत्ता सांगितलं. पोरगी यशोदासारखी आहे, नाक मात्र तुमचं, काय करायचं आता. मग म्हणाली:

"आनि ऐका, हितं गच्चीवर गेलं का चारी बाजूनं पानीच दिसतंय. मी इचारलं तर जावई म्हनलं, हे बेटच हाय. तुमी सगळी बेटं सांगितलासा, हे कसं न्हाय वो सांगितलं? जावई म्हनत्यात, गेल्या सालच्या फेब्रुवारीच्या कॅसेटीतच सांगाय लागलतो, आप्पांनी ऐकलंच न्हाय."

उठून नकाशाशी गेलो. चष्मा पुसून बघितलं. अरबस्तान आहे, आखात आहे, आणि आखातात मी दिलेला लाल ठिपका, दारातून दिसेल एवढा. बेट त्याच्या खाली. सगळंच्या सगळं.

बोट ओलं करून ठिपका पुसायला गेलो. मग नाही पुसला. हिचं बोट रोज तिथे लागायचं.

वर्षभर मॉरिशस, बाली करत बसलो, आणि मुलगी बेटावर बसून या म्हणत होती. जायला हवं होतं. कापूस वगैरे काही नव्हतं तेव्हा.

२ एप्रिल, पाडवा

गुढी उभारायच्या आधी पोस्टमन हात न हलवता सरळ आला. पासपोर्ट! राज्य: कर्नाटक. फोटोत मी चोरासारखा दिसतो. पोस्टमनला श्रीखंड दिलं, बोळात सगळ्यांना पासपोर्ट दाखवला. मागवाल्यांनी माग थांबवून बघितला.

कॅनव्हासचे बूट आणले. मुलीच्या घरी पहिल्यांदा जेवणार म्हणून तिच्यासाठी लुगडं घेतलं, शहापुरातलंच, बघून पसंत केलं. कृष्णातला कॅसेटवर एवढंच बोललो, "येतोय." यंदाचं बेट फायनल.

२२ एप्रिल

माझी कॅसेट निपाणीच्या माणसाकडेच पडून आहे, त्याचं परत जाणं लांबलं. त्याच्या आधी तिकडचीच कॅसेट आली. कृष्णातचं तिकडचं काम संपलं. कंपनीने सगळ्यांना मोकळं केलं. बेळगावातच दुकान टाकायचं म्हणतो. मे महिन्यात सगळे परत येत आहेत.

चांगलं झालं. फार चांगलं झालं. बूट कपाटात ठेवले.

२० मे १९८४

सकाळी स्टेशनवर गेलो. मिरजेची गाडी नेहमीसारखी उशिरा. आल्यावर काय बोलायचं, ते ठरवून ठेवलं होतं. "काय मग, कसं होतं बेट?" असं सहज, हसत.

कृष्णात आधी उतरला, मग ही, अंगावर नवं काहीतरी चमकणारं. मग यशोदा. वाळली आहे. तिने पोरगी माझ्या हातात दिली. पोरीने माझ्या नाकाकडे बघितलं. डोळे भरून आले आणि मी तिथेच, सगळ्या हमालांदेखत, रडलो. स्टेशनवर माग नाहीत.

दुपारी रवळू बायकोला घेऊन आला. हिने त्यांना विमानाचं, गच्चीचं, समुद्राचं सगळं सांगितलं. रवळू माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हंजे अण्णा, आता घरात तुमीच तेवढं ऱ्हायलासा व्हय?" तीन महिन्यांची नातसुद्धा फॉरेन रिटर्न. खरं तर तिचा जन्मच तिकडचा. मुलीच्या घरी जेवायची मला मोकळीक झाली, आणि मुलगी माझ्या घरी जेवते आहे. ताटात श्रीखंड होतं. आज लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे हिच्या लक्षात होतं.

संध्याकाळ. पश्चिमेचं ऊन फक्त पुढच्या खोलीत येतं, नकाशाच्या भिंतीवर. हिने वरच्या दोन खिळ्यांना दोरी बांधून नातीचे लंगोट वाळत घातले आहेत. पॅसिफिक महासागर दिसत नाही. मॉरिशस एका दुपट्याखाली गेलं. मधल्या एका लंगोटाचं पाणी बरोबर ठिपक्यावर ठिबकत होतं. वॉर्निशवरची शाई विरघळून खाली ओघळली. मी चष्मा लावून जवळ गेलो.

तिळाएवढं आहे. चारी बाजूंनी निळं पाणी. छान आहे.

ही आतून म्हणाली, "तितं काय उभारलासा? पाळन्याची दोरी बांधा की, गेल्या गनपतीपास्नं तुटलेली हाय."

बांधतो.